संगणक भंगारात घालण्यापूर्वी आतला हिशेब वाचवा

दिवाळीनंतर चार दिवस रजा काढून मुंबईला जाण्याचा योग आला. आमचे चुलते, तात्या, घोडपदेवला राहतात. तरुणपणी गिरणीत बदली कामगार म्हणून लागले. १९८२ च्या संपात गिरणी सुटली, पण घोडपदेव काही सुटले नाही. आपल्या सातारा जिल्ह्यातल्या कितीतरी गावांची भायखळा, घोडपदेव, लालबाग, परळ या भागात एकेक खोली असे. गावकीची खोली. गावाहून नोकरीला आलेला पोरगा आधी तिथे उतरायचा, पथारी टाकायचा, मग पुढचे बघायचा. आता पथाऱ्या राहिल्या नाहीत, पण आमच्या गावाची खोली अजून आहे आणि ग्रामस्थ मंडळही आहे.

त्या खोलीच्या कोपऱ्यात एक जुना संगणक आहे. वर पिवळे पडलेले प्लॅस्टिकचे आवरण, त्यावर दसऱ्याच्या पूजेचे हळदकुंकू अजून तसेच. तात्या त्याच्याकडे बोट दाखवून म्हणाले, "आरं, तू सरकारी माणूस. ह्या पेटीत मंडळाचा तीस वर्सांचा हिशेब हाय. आता पेटी उघडंना. भंगारवाला दोनशे रुपये देतो म्हणतोय. देऊन टाकू का?"

मी शेतीची पदविका घेतलेला माणूस. बियाणे, खते, कीडरोग यावर रात्रभर बोलेन. पण गेल्या काही वर्षांत गावोगाव फिरताना हाच प्रश्न मला विकास सोसायटीत, दूध संस्थेत आणि ग्रामपंचायतीतही ऐकायला मिळाला आहे. म्हणून घोडपदेवला जे पाहिले आणि त्यातून जे शिकलो, ते आपल्या वाचकांसाठी लिहीत आहे.

प्रश्न दोनशे रुपयांचा नव्हता

मंडळाचा एक मयत फंड आहे. सभासदाने दरवर्षी ठरावीक वर्गणी भरायची आणि तो गेला की त्याच्या कुटुंबाला मंडळाने ठरलेली रक्कम द्यायची. नियम एकच, वर्गणीत खंड पडलेला नसावा. खंड असेल तर निम्मी रक्कम. गेल्या वर्षी एक जुने सभासद गावी वारले. त्यांची पत्नी गावीच असते, पदरी अर्धा एकर जिरायत. रक्कम पूर्ण द्यायची की निम्मी, यावर मंडळात दोन तट पडले. जुन्या वह्या काढल्या तर वाळवीने पार चाळण केलेली. एकच पुरावा उरला होता, तो म्हणजे हा संगणक.

१९९६ साली गावच्याच एका शिकलेल्या मुलाने 'फॉक्सप्रो' या भाषेत हिशेबाचा प्रोग्राम करून दिला होता. त्या वेळी संगणक 'डॉस' या प्रणालीवर चालत. काळा पडदा, पांढरी अक्षरे, माऊसचा पत्ता नाही. २००४ च्या सुमारास एका सभासदाने कचेरीतून मोडीत निघालेला दुसरा संगणक आणून दिला, त्यावर 'विंडोज एक्सपी' होते. जुना प्रोग्राम त्यावर सुरूच होईना. भागाकारात चूक, असा संदेश येऊन बंद पडायचा. त्याचे कारण ऐकण्यासारखे आहे. फॉक्सप्रोच्या जुन्या आवृत्त्या सुरू होताना संगणकाचा वेग मोजत. ठरावीक काम किती वेळात झाले ते पाहून त्या वेळेने भागाकार करत. नवा संगणक इतका जलद निघाला की लागलेला वेळ शून्य भरला आणि शून्याने भागाकार होत नाही! म्हणजे यंत्र हळू म्हणून नव्हे, जास्त पळते म्हणून काम अडले. तेव्हा एका जाणकाराने दुरुस्ती बसवून दिली आणि गाडे पुढे चालले.

आता तोही संगणक सुरू व्हायला वीस-वीस मिनिटे घेऊ लागला. एका सभासदाने नवा लॅपटॉप दिला, त्यावर 'विंडोज ११'. त्यावर प्रोग्रामची नक्कल केली तर हा प्रोग्राम या संगणकावर चालणार नाही, असे उत्तर आले. दुकानदाराने सल्ला दिला, नवा प्रोग्राम विकत घ्या आणि सगळी माहिती वह्यांवरून पुन्हा टाइप करा. वह्या तर वाळवीच्या पोटात!

चार गोष्टी वेगळ्या ओळखा

चुलतभावाची मुलगी संगणकाचे शिक्षण घेते. ती मला म्हणाली, "काका, सगळे जण पेटीलाच संगणक म्हणतात. पण आत चार वेगळ्या गोष्टी असतात." तिने सांगितलेले मी आपल्या भाषेत मांडतो.

पहिली गोष्ट यंत्र, म्हणजे पेटी, पडदा, तबकडी. दुसरी चालक प्रणाली, म्हणजे डॉस, एक्सपी, विंडोज ११ वगैरे. यंत्राकडून काम करून घेणारी ती. तिसरी गोष्ट प्रोग्राम, म्हणजे हिशेब करणारे अवजार. चौथी माहिती, म्हणजे प्रत्यक्ष नोंदी. नांगर मोडला म्हणून कोणी कणगीतली ज्वारी फेकून देत नाही. पण संगणकाच्या बाबतीत मात्र यंत्र बिघडले की आपण माहितीवरही पाणी सोडतो. यंत्र, प्रणाली आणि प्रोग्राम पैसे देऊन पुन्हा मिळतात. माहिती मिळत नाही.

म्हणून पहिला नियम असा की दुरुस्तीआधी नक्कल. खळ्यावर पाऊस आला की आपण आधी धान्य झाकतो, खळे नंतर सारवतो. संगणक कुरकुरू लागला, आतून टकटक आवाज येऊ लागला, एखादी फाइल उघडायला फार वेळ लागू लागला की समजावे, आतली तबकडी म्हणजे हार्डडिस्क थकली आहे. अशा वेळी फॉरमॅट करून घ्या हा सल्ला ऐकू नये. आधी सगळी माहिती पेनड्राइव्हवर उतरवावी. एक्सपीच्या संगणकासाठी पेनड्राइव्ह 'फॅट-३२' या पद्धतीचा असावा, नाहीतर तो दिसेलच असे नाही. संगणक सुरूच होत नसेल तर तबकडी बाहेर काढून जोडणीच्या वायरने दुसऱ्या संगणकाला लावता येते. अशा वायरी मुंबईत लॅमिंग्टन रोडला सहज मिळतात आणि जिल्ह्याच्या ठिकाणीही मागवून मिळतात.

आम्ही तेच केले. नक्कल दोन ठिकाणी ठेवली आणि मगच पुढच्या कामाला हात घातला.

संगणक हळू का चालतो?

आता सर्वांच्या जिव्हाळ्याचा प्रश्न. शेतकरी दाखल्यासाठी दारात उभा आणि संगणकाचे चक्र फिरतच राहते. याची कारणे बहुधा पुढीलप्रमाणे असतात.

१) धूळ आणि उष्णता : आपल्या कार्यालयांत फुफाटा भरपूर. पंख्यावर धुळीचा थर बसला की आतली उष्णता बाहेर पडत नाही आणि जळू नये म्हणून मुख्य चिप स्वतःच वेग कमी करते. वर्षातून दोनदा, वीज बंद करून, मऊ ब्रशने सफाई करावी. संगणक खताच्या गोदामाला लागून असेल तर जागा बदलावी. तिथल्या ओलाव्याने आणि खताच्या कणांनी आतले भाग गंजतात.

२) न बोलावलेले पाहुणे : संगणक सुरू होताना दहा-वीस प्रोग्राम आपोआप सुरू होतात. कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप ही तीन बटणे एकदम दाबली की 'टास्क मॅनेजर' उघडतो. विंडोज १० व ११ मध्ये तिथे 'स्टार्टअप' असा भाग आहे. त्यातले नको ते बंद करावेत. माहीत नसलेल्या नावाला मात्र विचारल्याशिवाय हात लावू नये.

३) जागा भरणे : 'सी' भागात जागा उरली नाही की यंत्र अडखळते. साधारण पाचवा-सहावा हिस्सा रिकामा ठेवावा. लग्नाचे व्हिडिओ कार्यालयाच्या संगणकात ठेवू नयेत, हे वेगळे सांगायला नको.

४) मेमरी म्हणजे रॅम कमी : विंडोज ११ ला किमान ४ जीबी रॅम लागते, पण तेवढ्यात काम रडतखडत होते. ८ जीबी असेल तर रोजचे काम सुखाने चालते.

५) फिरती तबकडी : जुन्या हार्डडिस्कमध्ये तबकडी फिरते आणि सुई नोंद शोधत हिंडते. नव्या 'एसएसडी'मध्ये फिरणारा भाग नसतो. टास्क मॅनेजरमध्ये डिस्कचा आकडा काही काम नसतानाही सतत शंभराजवळ दिसत असेल तर रोग इथेच आहे. पाच-दहा वर्षांपूर्वीच्या संगणकात केवळ ही डिस्क बदलली तरी फरक डोळ्यांना दिसतो, आणि खर्च नव्या संगणकाच्या मानाने थोडाच असतो.

कोणता रोग आहे हे पाहिल्याशिवाय औषध फवारू नये, हे आम्ही पिकाच्या बाबतीत सांगतो तेच इथे. टास्क मॅनेजरमध्ये चिप, मेमरी आणि डिस्क यांचे आकडे दिसतात. जो आकडा टोकाला गेला असेल तिथे खर्च करावा. मेमरी कमी असताना डिस्क बदलून निम्मेच काम होते.

काही गोष्टी टाळाव्यात. वेग दुप्पट करतो अशी जाहिरात करणारे फुकटचे प्रोग्राम घेऊ नयेत. 'पी हळद हो गोरी' असे काही नसते, उलट त्यातूनच व्हायरस येतात. दोन अँटिव्हायरस एकत्र बसवू नयेत, ते एकमेकांतच भांडतात. हार्डडिस्कला फायदेशीर असलेले 'डीफ्रॅग' एसएसडीवर चालवू नये. त्याने काही लाभ होत नाही, झीज मात्र होते.

नवी प्रणाली घ्यावी की जुनीच ठेवावी?

एक्सपीची सुरक्षा-दुरुस्ती ८ एप्रिल २०१४ रोजी बंद झाली, विंडोज ७ ची १४ जानेवारी २०२० रोजी आणि विंडोज १० ची १४ ऑक्टोबर २०२५ रोजी. नोंदणी केलेल्या घरगुती संगणकांसाठी विंडोज १० ची मुदत १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत वाढवून दिली गेली. मुदत संपली म्हणून संगणक बंद पडत नाही, पण सापडलेली भोके बुजवायला कोणी येत नाही. मे २०१७ मध्ये 'वॉनाक्राय' नावाच्या खंडणीखोर व्हायरसने जगभर थैमान घातले. फटका मुख्यतः दुरुस्ती न बसवलेल्या संगणकांना बसला. त्या वेळी मायक्रोसॉफ्टला मदत बंद केलेल्या एक्सपीसाठीही अपवाद म्हणून दुरुस्ती काढावी लागली. पाठोपाठ जून २०१७ मध्ये 'नॉटपेट्या'च्या हल्ल्यात आपल्या न्हावाशेव्याच्या बंदरातील एका टर्मिनलचे काम विस्कळीत झाले. तेव्हा नियम सोपा आहे. जुनी प्रणाली ठेवायची असेल तर तिला इंटरनेट जोडू नये, आणि इंटरनेटचे काम करायचे असेल तर प्रणाली चालू मुदतीतली असावी.

विंडोज ११ मात्र सगळ्या जुन्या यंत्रांवर बसत नाही. त्यासाठी ठरावीक पिढीपुढची चिप आणि 'टीपीएम २.०' ही सुरक्षा सोय लागते. जिथे ते जमत नाही तिथे लिनक्स हा एक मार्ग आहे. सी-डॅकने तयार केलेली 'बॉस' ही भारतीय प्रणाली त्याच वंशातली. पत्रे लिहिणे, तक्ते करणे एवढेच काम असेल तर लिनक्स जुन्या यंत्रावर हलके चालते. पण डिजिटल सहीचे टोकन, बोटाच्या ठशाचे यंत्र आणि छपाईयंत्र तिथे चालते का, हे बदलण्यापूर्वीच तपासून घ्यावे.

जुने प्रोग्राम नव्या प्रणालीवर

मंडळाचा प्रोग्राम विंडोज ११ वर का चालला नाही? डॉसच्या काळातले प्रोग्राम १६-बिटचे होते. त्यांना चालवणारी सोय ३२-बिट विंडोजमध्ये होती, ६४-बिटमध्ये ती ठेवलेली नाही. विंडोज ११ फक्त ६४-बिटमध्येच मिळते. त्यामुळे दुकानदाराचे "थेट चालणार नाही" हे म्हणणे खरे होते. चूक झाली ती थेट नाही म्हणजे अजिबात नाही असे समजण्यात. मार्ग पुढीलप्रमाणे आहेत.

पहिला मार्ग, विंडोज ९८ किंवा एक्सपीच्या काळातल्या ३२-बिट प्रोग्रामसाठी. प्रोग्रामच्या चिन्हावर उजवे बटण दाबून 'प्रॉपर्टीज'मध्ये जावे. तिथे 'कंपॅटिबिलिटी' हा भाग आहे. त्यात जुन्या विंडोजचे नाव निवडावे. बरेच प्रोग्राम एवढ्यावर सुरू होतात. आणखी एक काळजी घ्यावी. असा प्रोग्राम 'प्रोग्राम फाइल्स' या कप्प्यात न बसवता 'सी' भागात वेगळा कप्पा करून बसवावा. २००७ साली आलेल्या व्हिस्टापासून त्या कप्प्यात साध्या वापरकर्त्याला लिहिता येत नाही. विंडोज जुन्या प्रोग्रामची नोंद गुपचूप दुसरीकडे, त्या-त्या वापरकर्त्याच्या नावाखाली ठेवते. मग सचिवाने भरलेली नोंद लिपिकाला दिसत नाही आणि दोघांत वाद होतो. दोष कोणाचाच नसतो.

दुसरा मार्ग, डॉसच्या प्रोग्रामसाठी. 'डॉसबॉक्स' नावाचा मोफत प्रोग्राम नव्या संगणकाच्या आत डॉसचा जुना संगणक हुबेहूब उभा करतो. त्यात वेगही हवा तसा कमी करता येतो, त्यामुळे वर सांगितलेली शून्याने भागाकाराची अडचण टाळता येते. मात्र डॉसबॉक्स मुळात जुन्या खेळांसाठी केलेला आहे. एकाच वेळी दोघांनी नोंदी करणे, पावती छापणे अशा कामांसाठी 'व्हीडॉस' अधिक बरा, कारण तो कचेरीच्या कामासाठीच केलेला आहे.

तिसरा मार्ग, 'व्हर्च्युअलबॉक्स'सारख्या प्रोग्राममध्ये संपूर्ण जुनी विंडोज वेगळी बसवायची. घरातच एक खोली जुन्या पद्धतीने सजवून ठेवल्यासारखे. याला मेमरी जास्त लागते, जुन्या विंडोजचा रीतसर परवाना लागतो आणि तिचे इंटरनेट बंद ठेवावे लागते.

चौथा मार्ग सगळ्यात सोपा, पण तोच लोकांना माहीत नसतो. प्रोग्राम चालवायचाच नाही, फक्त माहिती काढून घ्यायची. फॉक्सप्रोच्या नोंदी 'डीबीएफ' या प्रकारच्या फाइलमध्ये असतात. त्या 'लिब्रेऑफिस' या मोफत प्रोग्राममध्ये सरळ तक्त्यासारख्या उघडतात. नक्कल करताना एकटी डीबीएफ फाइल न घेता सगळा कप्पा घ्यावा. लांब शेरे 'एफपीटी' नावाच्या जोडफाइलमध्ये असतात, ती राहिली तर शेरे गेले.

घोडपदेवच्या खोलीत पुतणीने तशी फाइल उघडली. तीस वर्षांच्या वर्गणीच्या ओळी पडद्यावर धावू लागल्या. तात्यांनी चष्मा पुसून दोनदा पाहिले.

चार वर्षांचे गौडबंगाल

पण आनंद फार टिकला नाही. तारखेप्रमाणे यादी लावून वारलेल्या सभासदांचे नाव पाहिले तर २००० ते २००३ या चार वर्षांची वर्गणीच नाही. निम्मी रक्कम म्हणणारा तट लगेच म्हणाला, "बघा, आम्ही सांगत नव्हतो?" मग कोणीतरी सहज दुसरी नावे पाहिली. तीच चार वर्षे त्यांचीही कोरी. खुद्द खजिनदारांचीही!

तात्या म्हणाले, "आख्ख्या गावानं चार वर्सं वर्गणी दिली नाय? आरं, त्याच पैशातनं देवळाचा पत्रा बदललाय आपण!"

पुतणीने यादीची सुरुवात पाहिली आणि ती हसायलाच लागली. यादीच्या अगदी वर १९००, १९०१, १९०२ आणि १९०३ सालच्या नोंदी होत्या. तेव्हा मंडळ कशाला, तात्यांचे वडीलसुद्धा जन्मले नव्हते. जुन्या प्रोग्राममध्ये साल दोनच अंकी लिहीत. '०१' लिहिले की प्रोग्रामने ते १९०१ धरले. पडद्यावर '०१' एवढेच दिसे आणि बेरीज बरोबर येई, म्हणून कोणाच्या लक्षात आले नाही. पुढे २००४ मध्ये दुरुस्ती करणाऱ्याने चार अंकी साल सुरू केले, पण मागच्या नोंदी तशाच राहिल्या. २००० सालच्या संगणक संकटाची तेव्हा जगभर चर्चा झाली होती. आमच्या मंडळात ते संकट पंचवीस वर्षे दबा धरून बसले होते.

नोंदींचे साल शंभराने वाढवले. खंड कुठेच नव्हता.

यातला धडा महत्त्वाचा आहे. जुनी माहिती नव्या ठिकाणी नेली म्हणजे काम झाले असे नाही, ती वाचून पाहावी लागते. संगणकीकृत सातबाऱ्यातील चुका शोधण्यासाठी २०१७ साली गावोगाव चावडीवाचन झाले, ते आपल्याला आठवत असेल. तसेच इथेही करावे. मंडळाच्या नोंदीत नावे इंग्रजी अक्षरांत होती. ती मराठीत करताना 'काळे' की 'काले', 'गोळे' की 'गोले' हे यंत्राला कसे कळणार? ते माणसालाच विचारावे लागते.

मराठी अक्षरांचा घोळ

ग्रामपंचायतीत आणि सोसायटीत आणखी एक अडचण हमखास येते. जुने ठराव उघडले की मराठीऐवजी इंग्रजी अक्षरांचा आणि चिन्हांचा कचरा दिसतो. फाइल बिघडली असे समजून ती पुसू नये. डॉसच्या काळात सी-डॅकच्या 'जिस्ट' कार्डामुळे मराठी पडद्यावर आली. पुढे विंडोजवर शिवाजी, श्रीलिपी, आकृती, सुरेख असे नाना फाँट आले. यातल्या बहुतेक फाँटमध्ये इंग्रजी अक्षरांच्या जागी मराठी आकार बसवलेले असत. फाँट नसला की मूळ अक्षरे उघडी पडतात. तो फाँट बसवला की मजकूर पुन्हा मराठीत दिसतो.

कायमचा उपाय म्हणजे युनिकोड. त्यात 'क' हा जगात कुठेही 'क'च राहतो. जुन्या फाँटमधून युनिकोडमध्ये नेणारे प्रोग्राम मिळतात, मात्र मूळ फाँटचे नाव बरोबर माहीत हवे. बदलल्यानंतर रफार, पहिली वेलांटी आणि 'ऱ्या'सारखी जोडाक्षरे नीट तपासावीत. 'शेतकऱ्यास' या शब्दाची कशी वाट लागते, ते एकदा पाहाच. मूळ फाइल मात्र ठेवून द्यावी. ठरावाच्या बाबतीत सही-शिक्क्याचा कागद हाच खरा पुरावा.

आधी काम पाहा, मग यंत्र

कधी कधी जुन्या यंत्राला टॉनिक पाजण्यापेक्षा कामच वेगळ्या रीतीने करणे शहाणपणाचे ठरते. आपल्या शेजारचे वारणानगर घ्या. १९९८ साली तिथे 'वायर्ड व्हिलेज' प्रकल्प सुरू झाला. कोल्हापूर-सांगली जिल्ह्यांतील वारणा खोऱ्यातल्या सुमारे ७० गावांत संगणक केंद्रे नेण्याची ती योजना, देशभर गाजलेली. पुढे काही वर्षांनी मायक्रोसॉफ्टच्या भारतातील संशोधकांनी पाहणी केली. केंद्रांवरचे मुख्य काम उसाची नोंद, तोडणी, वजन आणि खताची माहिती एवढेच होते. त्यांनी सात गावांत आठ महिने तेच काम साध्या मोबाइलच्या संदेशांवर करून पाहिले. २००७ साली प्रसिद्ध झालेल्या अहवालात त्यांनी नमूद केले की संदेशांवरचे काम स्वस्त पडले, सोयीचे झाले आणि शेतकऱ्यांना जास्त पसंत पडले. तेव्हा खर्चापूर्वी विचारावे, या यंत्राकडून आपल्याला नेमके काय हवे आहे?

सरपंच आणि सचिवांनी एवढे करावे

ग्रामपंचायत अधिकारी म्हणजे आपले पूर्वीचे ग्रामसेवक, सोसायटीचे सचिव आणि दूध संस्थेचे चालक यांना हात जोडून विनंती.

पहिले, कार्यालयात कोणते जुने प्रोग्राम आहेत, त्यांची माहिती कोणत्या कप्प्यात आहे, पासवर्ड कोणाकडे आहे आणि फाँट कोणता, हे एका कागदावर लिहून दप्तरात लावावे. माणूस बदलून गेला की ही माहितीही त्याच्याबरोबर जाते.

दुसरे, माहितीच्या तीन नकला ठेवाव्यात. एक संगणकात, एक बाहेरच्या डिस्कवर आणि एक कार्यालयाबाहेर सुरक्षित जागी. दर महिन्याला त्यातली एक उघडून पाहावी. न उघडलेली नक्कल म्हणजे उगवण न तपासलेले बियाणे.

तिसरे, नवा प्रोग्राम विकत घेताना एकच अट घालावी. आमची माहिती आम्हाला साध्या तक्त्याच्या रूपात केव्हाही काढून घेता आली पाहिजे. विक्रेता कां-कूं करू लागला तर दुसरा बघावा.

चौथे, जुना संगणक टाकताना तबकडी काढून घ्यावी किंवा तिच्यावरची माहिती पूर्ण पुसून घ्यावी. नुसते फॉरमॅट पुरत नाही. त्यात लोकांचे आधार क्रमांक आणि बँकेची खाती असतात. आणि ई-कचरा गल्लीतल्या भंगारवाल्याला न देता नोंदणीकृत पुनर्वापर केंद्राकडे द्यावा. १ एप्रिल २०२३ पासून लागू असलेल्या ई-कचरा नियमांना तेच धरून आहे.

घोडपदेवच्या पलीकडे, रे रोडच्या बाजूला दारूखाना आहे. तिथे वर्षानुवर्षे जुनी जहाजे तोडली गेली. तात्यांनी ते जवळून पाहिले आहे. ते म्हणाले, "घण घालायच्या आधी आत जाऊन कामाचं समदं काढून घेत्यात. आम्हीच येडे, न बघता पेटी द्यायला निघालो व्हतो."

मंडळाने सर्व नोंदींची यादी छापून घेतली. ती आता गावच्या जत्रेला देवळाच्या ओट्यावर मोठ्याने वाचली जाणार आहे. ज्याला चूक वाटेल त्याने तिथेच सांगायचे. मयत फंडाची रक्कम मात्र जत्रेपर्यंत थांबली नाही. मी परत येताना तात्यांनी पाकीट माझ्याकडेच दिले. त्या बाईंनी रक्कम मोजली नाही. बरोबर दिलेला वर्गणीचा कागद तेवढा दोन्ही हातांनी धरला आणि विचारले, "सगळी वर्सं हायती नव्हं ह्यात?"

मी म्हटलं, "सगळी आहेत, वहिनी. एक नाही राहिलं."